पोतनीस चावत नाहीत

स्मशानात सरण रचून व्हायच्या आत पोतनीस झाँबी झाले आणि आपल्या पायांनी घरी आले. त्यांच्या बायकोला, निर्मलाबाईंना, हायसं वाटलं. एकटीला घर खायला उठलं असतं.

कॉलनीनं तर त्यांना डोक्यावरच घेतलं. जिवंतपणी ज्यांनी पोतनिसांना येता-जाता ओळखही दाखवली नाही, तीच मंडळी रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात सतरंजी टाकून त्यांच्याकडे टक लावून बसू लागली.

मग नगरपालिकेतून गुंजीकर साहेब आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चावतो तो झाँबी, त्याला घरी राहता येतं. चावत नाही तो मृतदेह, आणि मृतदेह घरात ठेवता येत नाही.

"चावतात ना?" साहेबांनी विचारलं.

निर्मलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात ज्या माणसानं भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही, तो चावणार कुठला!

"अहो, चावा ना," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. "साहेब मुद्दाम आलेत."

साहेबांनी मनगट पुढे केलं. पोतनिसांनी ते हुंगलं आणि संकोचून मान खाली घातली.

साहेब सतरंजीकडे वळले. "तुम्ही रोज यांच्यात काय बघता एवढं?"

"यांना उद्या काही व्हायचं नाहीये, साहेब," शेजारचे मुळगुंद म्हणाले. "नुसतं बघूनच बरं वाटतं."

तरीही कर्तव्य म्हणून साहेबांनी पोतनिसांचा दंड धरला. पोतनीस निमूट निघाले. कुणी चला म्हटलं की चालू लागायचं, ही त्यांची जुनीच खोड. निर्मलाबाई रडत फाटकापर्यंत मागे गेल्या.

"बाई, तुम्ही आता घरात जा," म्हणत साहेबांनी त्यांच्या तोंडावर फाटक ओढलं.

पोतनीस कडकडून चावले.

"छान," साहेब हात झटकत म्हणाले. "झाँबीच आहेत. राहू द्या घरी."

निर्मलाबाईंचा जीव भांड्यात पडला. मेल्यावर का होईना, नवरा बायकोच्या बाजूनं उभा राहिला होता. मग त्यांना साहेबांचं वाईट वाटलं.

"पण आता तुमचं कसं?"

"परवापर्यंत मीही होईन," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली होती. "सोमवारची आढावा बैठक टळली."

मग मुळगुंदांनी शर्टाची बाही वर सारली आणि त्यांच्यामागे एकेक जण उठू लागला.

निर्मलाबाई पदर खोचून फाटकात उभ्या राहिल्या.

"गर्दी करू नका," त्या म्हणाल्या. "आधी ह्यांचा चहा होऊ द्या."