मंगळावरच्या गेमला अर्धा तारा

उदयसिंह सरनोबतांनी त्या जपानी गेमला पाचापैकी अर्धाच तारा दिला, त्याचं खरं कारण भूक. रविवारच्या पुरवणीचा मजकूर दुपारपर्यंत द्यायचा होता, स्वयंपाकघरातून तांबड्या रश्श्याचा वास सुटला होता आणि गेम काही पहिल्या दारापलीकडं सरकायला तयार नव्हता. तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं, की ज्या गेममध्ये आपल्याला आत जाता येत नाही, त्याच्या आत काही नसणारच. (पुष्कळ समीक्षक असंच ठरवतात. उदयसिंहांनी जेवणाआधी ठरवलं, एवढंच.)

उदयसिंह तसे पतसंस्थेत क्लार्क. पण दोन हजार तीन साली कोल्हापुरात संगणकावरच्या खेळांवर लिहिणारा दुसरा माणूस नव्हता. सदराच्या डोक्यावर त्यांचा फोटोही छापून यायचा, आणि त्या फोटोसाठी ते पतसंस्थेतली आठवडाभराची बोलणी हसत खायचे.

गेम त्यांनी राजारामपुरीतल्या कृष्णातच्या सायबर कॅफेतून आणला होता. नाव जपानीत, म्हणून सगळे त्याला ‘मंगळावरचा गेम’ म्हणत. माणसं मंगळावर राहायला गेलीत, यंत्रं माजलीत, आणि आपण एका गड्याला घेऊन हाणामारी करत करत त्याची ताकद नि अक्कल वाढवत न्यायची, असा मामला. पहिल्याच दारावर घरभर उंचीचा एक लोखंडी पहारेकरी उभा. उदयसिंहांनी त्याला तलवारीनं, बंदुकीनं, शेवटी कीबोर्डावर बुक्क्या मारून हाणलं. तो ढिम्म.

परीक्षण छापून आलं. पुढच्याच रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, कृष्णातचं परीक्षण आलं. साडेचार तारे! वर फोटो, आणि फोटोत गॉगल.

“हे बघ काय लिवलंय!” उदयसिंह ओरडले. “म्हणं, दारापलीकडं गंजलेला समुद्र हाय, त्याच्या काठाला एक यंत्राची पोरगी गाती, आणि ऐकून काळजाचं पाणी पाणी हुतंय! लोखंडाची पोरगी गाती व्हय कुठं?”

“गाती की,” पोळी लाटता लाटता त्यांची बायको अनुजा म्हणाली. “चांगली गाती.”

“झालं! घरातलीबी फितूर झाली!”

“अहो, फितूर न्हवं. त्या दाराचं काय हाय, तुम्ही की...”

“तू गप. तुला त्यातलं काय कळतंय?”

अनुजाकडून पुढची पोळी जरा जोरात लाटली गेली.

अख्ख्या जगात त्या गेमवर कुणी चार ओळी लिहिल्या असतील नसतील, कोल्हापुरात मात्र दोन तट पडले. मिसळीच्या टेबलावर अर्धा तारावाले आणि साडेचार तारावाले एकमेकांच्या वाटीतला कटाचा रस्सा हिसकावू लागले. त्यातही साडेचारवालेच जास्त. पतसंस्थेत कर्ज मागायला आलेला माणूससुद्धा म्हणाला, “सायेब, ते काळजाचं पाणी वाचलासा का? लय भारी लिवलंय.” उदयसिंहांनी त्याचा अर्ज तीनदा परत पाठवला. मत्सरानं त्यांना अन्न गोड लागेना. गेम चांगला निघाला याचं त्यांना दुःख नव्हतं. काळजाचं पाणी आपल्याला सुचलं नाही, याचं होतं.

संपादक सयाजीरावांनी आगीत तेल ओतलं. “सदर एकच राहील. दोघांचं काय ते मिटवा.”

आता कोल्हापुरात दोन गडी भिडले की ती गोष्ट चर्चेनं मिटत नाही. कुस्तीसारखी जोड ठरली. रविवारी, कृष्णातच्या कॅफेत, समोरासमोर दोन संगणकांवर. जो आधी दार ओलांडेल, त्याचं सदर. कुणीतरी हलगी आणली, कुणीतरी फेटा. सयाजीराव पंच म्हणून खुर्चीवर बसले. उदयसिंहांनी बसण्यापूर्वी मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. (पतसंस्थेची पँट. शिलाई जरा उसवली.)

हलगी कडाडली आणि दोघं पहारेकऱ्यावर तुटून पडले. मग उदयसिंहांना दिसलं, की कृष्णातचा गडीही दारापाशीच मार खातोय. त्यांच्या काळजाला असा काही गारवा लागला, की स्वतः मार खातोय हे ते विसरले.

“काय रं, समुद्र कुठं गेला तुझा?”

“येतोय, येतोय,” कृष्णात घाम पुसत म्हणाला.

पोरं जांभया देऊ लागली. हलगीवाला चहाला गेला. “बरोबरीत सोडा ओ!” मागून कुणीतरी ओरडलं. एवढ्यात जेवणाचा डबा घेऊन अनुजा आली. तिनं पडद्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

“अहो, हात काढा त्या माऊसवरनं.”

“मैदानात बायकांनी...”

अनुजानं त्यांचा हात उचलला आणि त्यात डबा दिला. “हे धरा. आता कायबी करू नका.”

डबा धरल्यावर दुसरं काही करता येत नाही. पडद्यावरचा गडी उगाच उभा राहिला. मग त्यानं आपणहून तलवार म्यान केली. पहारेकऱ्यानं मान लववली, बाजूला सरला आणि दार उघडलं. आत तांबूस समुद्र पसरला होता, आणि काठावरची पोरगी खरंच गात होती.

“हे तुला कुठनं कळलं?” डबा तसाच धरून उदयसिंह म्हणाले.

“तुम्ही हापिसला गेल्यावर दुपारी खेळत हुते. कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायला गेले. येऊन बघतीया तर दार उघडं. सांगाया लागले, तर तुम्ही गप म्हणालासा.”

सगळ्यांच्या नजरा कृष्णातकडं वळल्या. तो खुर्चीतच बारीक झाला. “वहिनींनी भिशीत आमच्या मंडळीला समुद्राचं सांगितलं, मंडळीनं मला. दाराचं सांगायचं ऱ्हायलं.”

“आणि काळजाचं पाणी?” उदयसिंहांनी विचारलं. एवढं एक तरी त्याचं असू दे, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

“तेबी वहिनींचंच.”

सयाजीरावांनी फेटा उचलला आणि मधल्या दोघांना ओलांडून अनुजाला बांधला. “वहिनी, पुढल्या रविवारपासनं तुम्हीच लिवा.”

अनुजाचं सदर बघता बघता गाजलं. महिन्याभरानं उदयसिंह कामासाठी गारगोटीच्या एसटीत बसले होते. शेजारच्या माणसानं पुरवणी वाचून घडी घातली.

“काय लिवतीया बाई! पर पावणं, हिच्या आधी एक खुळं लिवायचं बघा. दारातनंच माघारी येऊन अर्धा तारा देणारं. कोण हुतं ओ ते?”

“हुता एक,” उदयसिंह खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग राहवेना. “पर तसा हुशार हुता.”

माणसानं त्यांना निरखून बघितलं. “तुमच्या नात्यातला व्हय?”

“व्हय,” उदयसिंह म्हणाले. “बायकोकडनं.”