तोंडी माहिती

"काका, आपल्या गावची विहीर तुमच्यापाशी येऊन थांबते," रझिया म्हणाली आणि ग्रंथपाल आत्मारामच्या हातातला चहा बशीत सांडला.

२००६ साल. पालीजवळच्या त्या गावच्या वाचनालयात नुकताच संगणक आला होता. त्यावर मदतनीस रझिया एकेका पुस्तकाची नोंद करी आणि त्या पुस्तकात ज्या दुसऱ्या पुस्तकाचा आधार दिला असेल, त्याच्या नोंदीशी ती नोंद जोडून टाकी. नाव दाबलं की थेट आधार समोर. आत्मारामला ही सोय भारी आवडली होती.

रविवारी विहिरीची त्रिशताब्दी होती आणि सरपंच यमुनाबाई पाहुण्यांना संगणकावर पुरावा दाखवणार होत्या. तीनशे वर्षांना आधार गावच्या नव्या स्मरणिकेचा. स्मरणिकेला शाळेच्या अंकाचा. अंकाला डिंगणकर सरांच्या प्रबंधाचा. आणि प्रबंधाला? 'तोंडी माहिती : आत्माराम, ग्रंथपाल.'

"तुम्हाला कोणी सांगितलं, काका?"

"कोणी नाय गो! ते सर विहीर किती जुनी म्हणून विचारत बसले, दुपारचा एक वाजला तरी उठेनात. घरी बांगड्याचं कालवण निवत होतं. म्हटलं, असतील तीनशे वर्षं, उठा आता!"

रविवारचे प्रमुख पाहुणे नेमके हेच डिंगणकर सर. भर गावात शोभा होणार, या विचाराने आत्मारामला घाम फुटला.

"माझं नाव काढ."

"मग प्रबंध निराधार होईल."

"त्याला स्मरणिकेशी जोड."

"काका, स्मरणिका कालची, प्रबंध वीस वर्षांपूर्वीचा!"

"येवढं कोण बघतो?"

रझियाने जोडलं. प्रबंधाची छापील प्रत आत्मारामने लगोलग रत्नागिरीला बांधणीसाठी धाडली.

रविवारी यमुनाबाई दाबत सुटल्या. स्मरणिका, अंक, प्रबंध, पुन्हा स्मरणिका, अंक, प्रबंध. गाव थक्क झालं.

"बघा, आधार संपतच नाय!" यमुनाबाई म्हणाल्या.

डिंगणकर सरांचे डोळे पाणावले. "ज्या भल्या माणसाने मला हे सांगितलं, त्याच्यासाठी शाल-श्रीफळ आणलंय. वय झालं, नाव आठवत नाही. पण प्रबंधात दिलंय. दाबा."

स्मरणिका, अंक, प्रबंध, स्मरणिका.

"मी... म्हणजे मीच..." आत्माराम पुढे सरसावला.

"गप रे आत्माराम! पुरावा चाललाय!"

पंधरा मिनिटांनी सर दमले. आता सत्कार करायचा कोणाचा? यमुनाबाईंनी शाल घेतली आणि सरळ संगणकावर पांघरली. टाळ्या कडाडल्या. श्रीफळ वाढवायला मात्र त्यांनी आत्मारामलाच बोलावलं.