हुद्दारअण्णांची तिमाही

मेसवाल्याने वांगी उचलल्याशिवाय हुद्दारअण्णा वांग्याला हात लावत नाहीत. बनशंकरीच्या बाजारात ते पिशवी बगलेत मारून कोथिंबिरीच्या आडोशाला दबा धरून उभे राहतात. मेसवाला पाच किलो वांगी तोलायला लावतो, की लगेच हे पाव किलो घेतात.

"केदार, स्वल्प थांब," मला भेंडीपासून मागे ओढत ते आपल्या कानडी वळणाने म्हणतात, "मोठी माणसं काय घेतात ते आधी बघावं!"

एकदा मेसवाल्याने सात किलो कारली घेतली. कारल्याच्या नुसत्या नावाने अण्णांना शहारा येतो. तरी त्यांनी अर्धा किलो घेतली आणि आठवडाभर डोळे मिटून गिळली. मागाहून कळलं, कारल्यांची गाडी मेसवाल्याच्या मेव्हण्याची होती. "मोठ्यांनाही भीड असते. सरी, चालायचंच," अण्णा म्हणाले.

अण्णा माझे घरमालक. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच राहतात. भाजी हा त्यांचा जोडधंदा. खरा बाजार शेअरचा. तिमाही संपली, की कंपन्या आपल्यात कुणाचा किती हिस्सा आहे त्याची यादी जाहीर करतात. मोठमोठ्या फंडांनी काय घेतलं, काय विकलं, ते अण्णा त्यातून टिपून काढतात. यादी येईपर्यंत दाढी बंद. आली, की धापा टाकत जिना चढतात आणि मी टॉवेलवर दारात उभा असलो तरी ओरडतात, "गादीवाल्या कंपनीत परदेशी फंड शिरलाय!"

"मग तुम्ही घेणार?"

"छे! मी फक्त बघतो."

मागच्या तिमाहीत यादी आली, पण अण्णा आले नाहीत. संध्याकाळी मीच खाली गेलो. लॅपटॉप उघडा होता आणि दुपारचं ताट तसंच झाकलेलं.

"नाव नाही रे," ते म्हणाले. "कुकरच्या कंपनीत सिंगापूरच्या एका फंडाचं नाव असायचं. या वेळी नाही."

"हिस्सा एक टक्क्याच्या खाली गेला की नाव छापत नाहीत, अण्णा. थोडे विकले असतील. तुमचा तर एक शेअरही नाही त्यात!"

"श्रीधर आहे ना त्या फंडात."

श्रीधर त्यांचा मुलगा. सरकारी नोकरी सोडून सिंगापूरला गेला, तेव्हा अण्णा त्याला नको नको ते बोलले होते. चार वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. फंडासाठी भारतातले शेअर निवडायचं काम त्याच्याकडे होतं.

"फंडाने काही घेतलं, की वाटायचं, पोरगा कामावर जातोय. ठीक आहे," अण्णा म्हणाले. "कुकर घेतला तेव्हा वाटलं, संसार मांडला की काय! आता हे काय? नोकरी गेली? आजारी आहे?"

"फोन करा."

"करून काय विचारू?"

"विचारा, शेअर का विकले."

हा प्रश्न अण्णांना झेपण्यासारखा होता. नंबर पाठच होता. पलीकडून आवाज आला तशी त्यांनी घाईघाईने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि दरडावलं, "काय रे, कुकरवाले का विकलेस?"

पलीकडून श्रीधर हळू आवाजात बोलायला लागला. अण्णांनी ऐकता ऐकता लॅपटॉप मिटला.

"ते राहू दे," ते म्हणाले. "तू कसा आहेस?"

मी चपला हातात घेऊन जिना चढलो.