बाराव्या पॉइंटवरून दिसलेले साळिंदर

एका जंगलात त्र्यंबकराव नावाचे साळिंदर राहत असत. खरे सांगायचे, मुलांनो, तर ते जंगलात कमी आणि सहलीच्या याद्यांत जास्त राहत असत.

एकदा ते पत्नी कुमुदिनीबाईंना घेऊन लांबच्या वाळवंटात गेले. तिथे एक प्रचंड लाल दरी होती. तळाशी नदी होती. दरीचे राष्ट्रीय उद्यान झालेले असल्यामुळे काठावर सतरा पॉइंट होते. हाताशी दिवस एकच होता.

फाटकावर कोल्हा बसला होता. त्र्यंबकरावांनी विचारले, "सगळ्यांत चांगला पॉइंट कोणता?"

"एका दिवसात सहा होतात," कोल्हा म्हणाला. "कोणते सहा, ते ज्याचे त्याने ठरवावे. मागाहून तक्रार चालत नाही."

मग त्र्यंबकरावांनी परतणाऱ्या पाहुण्यांना गाठले.

"चौथा बघाच," म्हैस म्हणाली. "बाकडी रुंद आहेत."

"नववा!" माकड म्हणाले. "गरम भजी!"

शेजारी एक उंट रवंथ करत होता. तो इथलाच. तो म्हणाला, "कुठूनही बघा, खड्डाच दिसतो."

यादी होईपर्यंत ऊन डोक्यावर आले. कुमुदिनीबाई पहिल्याच वळणावर एका दगडावर टेकल्या.

"अहो, इथून नदी काय छान दिसतेय! बसा की जरा."

"अगं, हा पॉइंट नाही. पाटी कुठाय?"

"मग तुम्ही या पाट्या बघून. मी नाही उठत."

त्र्यंबकराव एकटेच धावत सुटले. चौथ्यावर बसले आणि लगेच उठले. नवव्यावरची भजी संपली होती. अकराव्यावर वारा असा की स्वतःचेच काटे स्वतःला टोचले.

बाराव्यावर मात्र ही भली मोठी रांग!

"इथे काय आहे?" त्यांनी रांगेतल्या मोराला विचारले.

"दुर्बीण. समोरच्या वळणावर एक दुर्मिळ प्राणी दिसतोय. नुसता बसलाय. कुठेच जात नाहीये! या उद्यानात असला प्राणी आजवर कुणी पाहिला नव्हता."

वर पाटी लागली होती, 'बसलेले साळिंदर पॉइंट'. रंग अजून ओला होता.

उरलेले दोन पॉइंट सोडून त्र्यंबकराव रांगेत उभे राहिले. तासाभराने दुर्बीण डोळ्याला लागली.

कुमुदिनीबाई नदीकडे बघत होत्या. काटे सैल सुटले होते. उंट येऊन काहीतरी बोलला, आणि त्या पोट धरधरून हसल्या. लग्नाच्या वर्षानंतर त्र्यंबकरावांनी ते हसू पाहिलेच नव्हते.

"चला, पुढे सरका," मागचे रानडुक्कर खेकसले.

"अहो, ती माझी बायको आहे!"

"सगळे असंच सांगतात."

त्र्यंबकराव मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले.

ऊन उतरल्यावर ते धापा टाकत परतले.

"झाले सगळे पॉइंट?" कुमुदिनीबाईंनी विचारले.

"चारच झाले."

"त्यातला चांगला कोणता?"

"बारावा."

"काय दिसतं तिथून?"

त्र्यंबकराव लाजले. "तू."

"इश्श! मग तेवढ्यासाठी एवढी पायपीट कशाला? मी इथंच तर होते."

"इथून तू एवढी छान दिसत नाहीस गं," त्र्यंबकराव मनापासून म्हणाले.

परतीच्या सबंध वाटेत कुमुदिनीबाईंचे सगळे काटे उभे होते.

तात्पर्य : आपले माणूस डोळे भरून पाहायचे असेल, तर दरीच्या पलीकडच्या वळणावर जावे. मात्र काय पाहिले, ते परत येऊन सांगू नये.