दुखण्याची शिकवणी

आमच्या कंपनीत कुणाला लागलं तर मलमपट्टी लगेच होते, सुटका मात्र लगेच होत नाही. आपल्या जखमेचं इंग्रजी नाव तीनदा म्हणून दाखवल्याशिवाय सोनवणेमामा कुणालाही प्रथमोपचाराच्या खोलीतून बाहेर सोडत नाहीत.

मी रांजणगावच्या ज्या कारखान्यात स्टोअरला आहे, तिथली ही खोली पंचवीस वर्षं मामांच्या ताब्यात आहे. खिशात पेन आणि सहा इंची फूटपट्टी. आधी रक्त थांबवायचं, मग फूटपट्टीनं जखम मोजायची, रजिस्टरात लिहायची आणि मग शिकवणी घ्यायची, हा त्यांचा क्रम.

"मामा, उंगली में लग गया," म्हणत एकदा बिहारचा वेल्डर आला.

"लग गया नहीं बोलने का. धार से सीधा कटा तो इन्साइज्ड. टेढामेढा फटा तो लॅसरेशन. तेरा कौनसा?"

"टेढा है, मामा."

"तो बोल."

वेल्डर बोलला. टाके घालायला गाडीत बसला तरी बोलतच होता. शिरूरहून परत येईपर्यंत गाडीच्या ड्रायव्हरचंही पाठ झालं होतं.

मामा राहतात तळेगाव ढमढेऱ्यात. तिथल्या आठवडे बाजारातही त्यांची तपासणी चालूच असते. किडकं वांगं दिसलं की "पंक्चर वूंड हाय, आत खोल गेलंय." टोमॅटो जरा दबलेला असला की "कंट्यूजन." एकदा भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "मामा, घ्यायचं तर घ्या, न्हाईतर ॲडमिट तरी करा."

मामा दहावी शिकलेत. इंग्रजी आलं ते रद्दीत मिळालेल्या एका जाडजूड डॉक्टरी पुस्तकातून. मी बी.ए. इंग्रजी, आमच्या घरातली कॉलेजचं तोंड बघितलेली पहिलीच. कामावर आले तेव्हा मला त्याचा थोडा ताठा होता. पहिल्याच आठवड्यात मामांनी विचारलं, "ग्रॅज्युएट, गुडघा खरचटला तर काय म्हनशील?"

मी म्हणाले, "वूंड."

मामांनी रजिस्टर मिटलं. "तीन वर्षं शिकून एकच शब्द?"

कॉलेजात मी समुद्रावरच्या कविता शिकले होते. गुडघा कुठल्याच धड्यात नव्हता. त्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मामा मला एक शब्द देऊ लागले. खरचटणं, मुका मार, लचक, उसण, सांधा निखळणं. प्रत्येकाला वेगळं नाव. आमच्या कॉलेजातले सर फार चांगले होते, पण इतक्या जवळून भाषा मला कुणी दाखवली नव्हती.

एका शब्दाचा मात्र मामांना मनापासून राग आहे. मायनर. एकदा एका सुपरवायझरांनी बोट चेंगरलेल्या मुलीला आणून सांगितलं, "मायनर लिहा, मामा." मामांनी चष्म्यावरून बघितलं. "साहेब, मायनर ज्याला लागलंय त्यानं म्हनायचं. बघनाऱ्यानं न्हाई." आणि रजिस्टरात 'क्रश इंज्युरी' असं टपोऱ्या अक्षरात लिहिलं. सुपरवायझर निघून गेले.

"मामा, लोकांना चिठ्ठीच लिहून देत जा ना," मी एकदा म्हणाले. "पाठ कशाला करायला लावता?"

"चिठ्ठी डॉक्टरांच्या टेबलावर पडून राहती. दुखतंय म्हनलं की खाली मान घालून गोळी लिहित्यात. गर्दी असती, त्यांचा बी काय दोष न्हाई. पर त्यांचा शब्द आपल्या तोंडातनं आला की मान वर होती. ती मान वर झाली पायजे बघ."

हे मला नीट कळलं ते आई पडली तेव्हा. खुटबावला, आमच्या गावी, आमची थोडी शेवंती आहे. बांधावरून घसरून ती उजव्या तळहातावर पडली. जवळच्या दवाखान्यात फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. मुरगळलंय म्हणून पट्टा बांधून दिला. दोन आठवडे झाले तरी तिला विळा धरवेना. हात गेला तर कसं होणार, असं ती एकदाही म्हणाली नाही. पण मी घरी गेले, तर गोठ्यामागं उभी राहून डाव्या हातात विळा धरून बघत होती.

मी मामांना सांगितलं. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. मामा मोटरसायकलवर खुटबावला हजर. त्यांनी आईच्या अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा असतो तो हलकेच दाबला. आईनं दात आवळले.

"ताई, ही नुसती मुरगळ न्हाई. ह्या खळग्याला स्नफबॉक्स म्हनत्यात. साहेब लोक तपकीर ठिवायचे तिथं."

"आन् मिसरी कुठं ठिवायचे?" आई म्हणाली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा ती थट्टेत बोलली.

मी म्हणाले, "मामा, मी जाणार आहेच बरोबर. मी सांगेन डॉक्टरांना."

"दुखतंय कुनाला?"

"आईला."

"मग त्याच सांगत्याल."

ओट्यावर शिकवणी झाली. टेंडरनेस इन द स्नफबॉक्स, म्हणजे त्या खळग्यात दाबलं की दुखतं. दोन दिवस आई शेळीला चारा टाकताना ते म्हणत होती.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टर आधीच्या कागदावरून काहीतरी उतरवून घेत होते. आईनं पदर सारखा केला, अंगठ्याचा खळगा दाखवला आणि एकेक शब्द मोकळा करून सगळं वाक्य म्हणाली. डॉक्टरांचं पेन थांबलं. मान वर झाली. नवा फोटो काढला, तर काजूएवढ्या एका हाडाला केसासारखी चीर. अजून उशीर झाला असता तर मनगट कायमचं गेलं असतं, ते म्हणाले. अंगठ्यासकट प्लॅस्टर चढलं.

बऱ्याच आठवड्यांनी, एका गुरुवारी, ते निघालं. डॉक्टरांनी आईला स्वतःची दोन बोटं घट्ट धरायला सांगितली. तिनं अशी धरली की ते हसले. "जुळलंय. हळूहळू कामाला लागा."

दौंडकडची गाडी गाठायची म्हणून आम्ही भराभर निघालो, तर बाहेरच्या रांगेतल्या बाकावर सोनवणेमामा. जवळ गेलो तर झोळीत हात अडकवलेले एक आजोबा त्यांच्यासमोर सावकाश म्हणत होते, "डिस-लो-केशन." आजोबांचा नंबर पुकारला, ते आत गेले. मामा वळले तर समोर आम्ही.

"भाऊ, तुमाला काय झालंय?" आईनं विचारलं.

"मला? मला काय न्हाई."

"मग हितं कसं?"

मामांनी खिशातली फूटपट्टी काढून परत खिशात ठेवली. "गुरवारी सुट्टी असती," ते म्हणाले. "मंडळी गेल्यापास्नं घरात बसवत न्हाई. हितं मान्सं असत्यात."

दोन वर्षं मी त्यांच्याकडून रोज एक शब्द घेत होते. घरी कोण असतं, हे मी कधीच विचारलं नव्हतं.

मी घड्याळ बघितलं. ही गाडी चुकली की पुढची फार उशिरा होती.

"जाऊ दे ही गाडी," आई म्हणाली आणि मामांशेजारी बाकावर बसली. पलीकडे एक बाई घोटा टम्म सुजलेला पाय पुढे करून गुमान बसली होती. आईनं तो पाय नीट न्याहाळला.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्याला काय म्हनायचं?"