मेणाची तीन घरं

सुहास आणि यशश्री पुण्याहून बंगळूरला, राजाजीनगरात सुहासच्या आईवडिलांकडे आले, ते "फ्लॅट मिळेपर्यंत दोनेक महिने" म्हणून. त्याला आता अडीच वर्षं झाली होती. तेवढ्या काळात प्रेमाताईंच्या ओट्यावर सुनेचं कॉफीचं मशीन आलं, मग तेलाशिवाय वडे तळणारं यंत्र आलं आणि पोळपाट फ्रिजच्या डोक्यावर गेला. प्रेमाताई रोज स्टुलावर चढून तो काढत आणि म्हणत, "असू दे गं यशू, घर कसं भरल्यासारखं वाटतं." यशश्री म्हणे, "आई, तुमच्याशिवाय मला करमणारच नाही." दोघी इतक्या गोड बोलत, की घरात मुंग्या व्हायच्याच काय त्या बाकी होत्या.

फ्लॅट मिळत नव्हते असं नाही. ते प्रेमाताईंच्या यजमानांना, उपेंद्ररावांना पसंत पडत नव्हते. चौतीस वर्षं सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात काढलेला माणूस. निवृत्त होताना कारखान्यानं घड्याळ दिलं. माल नापास करायची सवय त्यांनी स्वतःच घरी आणली. मुलाबरोबर फ्लॅट बघायला जाताना ते पाणसळ घेऊन जात. गवंडी वापरतात ना, आत बुडबुडा असलेली पट्टी, ती. एचएसआर लेआउटमधले अकरा फ्लॅट त्या बुडबुड्यानं नापास केले होते. "डावीकडे पळतोय बघ," उपेंद्रराव म्हणत, "इथे दूध उतू जायच्या आधी सांडेल." सुहास कानात हेडफोन घालून "हं" म्हणे. तो गेली अडीच वर्षं एकाच मीटिंगमध्ये होता.

शेवटी प्रेमाताईंनी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फिलोमिना अक्काकडे मन मोकळं केलं. ही फॉल-पिको करायची, पँटी आखूड करायची आणि सल्ला फुकट द्यायची.

"आठ सप्टेंबरला शिवाजीनगरच्या चर्चला जा," मशीन थांबवून ती म्हणाली. "मरियम्माचा, मेरीमातेचा वाढदिवस. भगवी साडी नेसायची, मेणाचं घर घ्यायचं, तिच्यापुढे द्यायचं. पाय दुखला तर मेणाचा पाय, मूल पाहिजे तर मेणाचं मूल. घर पाहिजे, घर."

"पण आम्हांला चालतं का गं?"

"अम्मा जात नाही विचारत. रांगेत घुसू नका, बस्स."

"आणि हे कुणाला..."

"मी? छे!" फिलोमिना अक्कानं ओठांत टाचण्या धरल्या आणि विषय मिटवला.

प्रेमाताईंनी घरच्या देवांना आदल्या दिवशी खीर केली, पण कारण सांगितलं नाही. घरचे देव सुनेच्याही ओळखीचे; बातमी फुटायची.

आठ तारखेला "चामराजपेटला भजन आहे" असं सांगून त्या निघाल्या. यशश्री ऑफिसला गेलेली आणि उपेंद्रराव दाताच्या डॉक्टरकडे. शिवाजीनगरला पोचल्यावर त्यांना हायसं वाटलं. जिकडेतिकडे भगव्या साड्या, कडेवर पोरं, हातात मेणबत्त्या. या गर्दीत कोण कुणाला ओळखतंय! स्टॉलवरून त्यांनी उतरत्या छपराचं एक घर निवडलं आणि वळल्या, तोच कुणाच्या तरी घराचा कोपरा त्यांच्या घराच्या खिडकीत घुसला.

"ओह, सॉरी हं!" समोरची म्हणाली. मराठीत.

तीच साडी. तोच पिको. आत यशश्री.

"आई! तुमचं भजन?"

"तुझं ऑफिस?"

दोघींनी एकमेकींच्या हातातल्या घरांकडे पाहिलं. "मी तुझ्यासाठीच गं..." प्रेमाताईंनी सुरुवात केली. "मीपण तुमच्यासाठीच..." यशश्री म्हणाली. पण मागे मरियम्मा उभी होती, त्यामुळे वाक्यं पुढे सरकेनात.

"मला माझा पोळपाट खाली हवाय," प्रेमाताई एकदम म्हणाल्या.

"मला संडेला दहापर्यंत झोपायचंय, आई! तुम्ही आठला कुकर लावता. एव्हरी संडे!"

अडीच वर्षांत दोघी पहिल्यांदाच खरं बोलल्या आणि स्टॉलला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. एवढ्यात स्टॉलच्या पलीकडून ओळखीचा आवाज आला.

"हे तिरपं आहे, अम्मा. स्वल्प बघा, बुडबुडा कुठे गेला!"

उपेंद्रराव स्टॉलवालीसमोर मेणाच्या घरावर पाणसळ ठेवून वाकले होते. चौथं घर होतं. तीन नापास होऊन बाजूला पडली होती.

"अहो! दात?" प्रेमाताईंनी विचारलं.

उपेंद्ररावांनी घर पाठीमागे लपवलं. पण ते दुमजली होतं, लपेना. "हे... खाली आपण, वर मुलं," ते चपलेकडे बघत म्हणाले. "कायमचं. पोरं गेल्यावर मी दिवसभर काय तपासायचं गं? तुझी आमटी?"

क्षणभर प्रेमाताईंना वाईट वाटलं. मग त्यांना स्टूल आठवलं.

"पुरुषांची रांग तिकडे, अहो. त्या लांबड्या रांगेत," असं सांगून त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि दोघी बायकांच्या रांगेत शिरल्या. आपला अर्ज आधी पोचला पाहिजे.

पुढे कमरेला निळी पट्टी बांधून, मोठं ताट घेऊन, नवसाच्या वस्तू गोळा करत उभी होती फिलोमिना अक्का. तिनं सासूचं घर घेतलं, सुनेचं घेतलं, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दोघी बाजूलाच रेंगाळल्या; अर्ध्या तासानं उपेंद्ररावांचं दुमजली घर आलं. ताटात जागा नव्हती. तिनं ते त्या दोन घरांवरच दाबून बसवलं. शेजारच्या मेणबत्त्यांच्या धगीनं बघता बघता तिन्ही घरं मऊ होऊन एकमेकांना चिकटली.

"अक्का, तू ह्यांनाही सांगितलंस?" प्रेमाताई कुजबुजल्या.

"पँट आखूड करायला आले होते. रडकुंडीला आलेले," ती म्हणाली. "पुढे चला, पुढे चला!"

महिन्याभरात घर मिळालं. समोरच्याच इमारतीत, पहिला मजला. उपेंद्ररावांनी चारी कोपऱ्यांत पाणसळ ठेवली. बुडबुडा चारी वेळा मधोमध. त्यांनी सुस्कारा सोडला आणि जड आवाजात म्हणाले, "पास." सामान गेलं. घर बदलल्याचं सुहासला तिसऱ्या दिवशी कळलं, वायफाय बंद पडल्यावर.

पोळपाट ओट्यावर आला. पण दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर, मध्ये बारा फूट गल्ली. आठचा कुकर यशश्रीला आता स्टीरिओत ऐकू येई. तीही तिकडून हाक मारी, "आई, आलं आहे का?" उपेंद्रराव सकाळची कॉफी दोन्हीकडे घेत आणि दोन्हीकडे नापास करत.

पुढच्या ऑगस्टमध्ये प्रेमाताई पिशवी लपवत फिलोमिना अक्काच्या दुकानात शिरल्या.

"पिको स्वल्प उसवलाय," त्या म्हणाल्या.

अक्कानं साडी घेऊन गठ्ठ्यावर ठेवली. गठ्ठ्यात आधीच तशीच एक भगवी साडी होती आणि तिच्याखाली उपेंद्ररावांची पँट.

"सरी, ठीक आहे," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "यंदा घरावर पिनकोड लिहून द्या."