अठरा बटणे आणि एक बंडी

"श्वास सोडू नका," आजी म्हणाल्या. "अजून सहा बटणं राहिलीत."

"तोवर मी उरायचा नाही," आजोबा पुटपुटले.

दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती स्त्रिया पोशाखाच्या आत घालत, तशी कंबर आवळणारी, पाठीवर बंद होणारी चोळी आजोबांच्या अंगात बंडीवरून चढवलेली होती. संग्रहालयासाठी आजी ती दोन महिने हाताने शिवत होत्या. दोऱ्याची अठरा बटणेही त्यांनीच वळली होती. बटणाची आणि त्याच्या फासाची जागा अंगावर ठरते, मेजावर नव्हे, हा त्यांचा दंडक. आणि घरात त्या मापाची कंबर एकट्या आजोबांची.

"टोचतंय गं."

"सुई आहे, टोचणारच. सरळ उभे राहा."

चार वाजता संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. एक टाका जरी आजच्या काळातला दिसला तरी काम परत, असे त्यांनी आधीच बजावले होते. पावणेचारला आजींनी शेवटची गाठ मारली, फासांतून अठराही बटणे सोडवली आणि चोळी ओढली. बटणे सुटली, चोळी सुटेना. दोन्ही काठांचे टाके थेट बंडीत उतरले होते.

"तरी मी म्हणत होतो, टोचतंय!"

"टोचतंय म्हणालात. 'बंडी शिवतेयस' असं कुठं म्हणालात?"

सून कात्री घेऊन धावली. "आई, बटणं कापू?"

"बटणाला हात तर लावून बघ! बंडी काप."

"माझी बंडी? अगं, अठरा वर्षांची सोबत आहे तिची!"

"माझी बेचाळीस वर्षांची आहे. वाका."

बंडी पाठीवर उभी चिरली गेली. आजोबा मोकळे झाले. बंडी मात्र चोळीला आतून बिलगूनच राहिली. सुनेने तिचे बाहेर डोकावणारे खांदे छाटले, तोच दार वाजले. आजोबांनी उघड्या अंगावर बंडीइतकाच जुना सदरा चढवला.

बाईंनी चोळी उलटी केली, भिंग लावले. सुनेने डोळे मिटले.

"अस्तर? ते तर मी सांगितलंच नव्हतं!"

आजींची मान ताठच होती. "माझ्या हातून अर्धवट काम जात नाही."

"काय कापड आहे हो! विरलेलं, मऊ, पिवळटसुद्धा. हुबेहूब जुनं! असं करायला किती दिवस लागले?"

"अठरा वर्षं," कोपऱ्यातून आजोबा म्हणाले.

बाई मनापासून हसल्या. "अशा आणखी पाच हव्यात. अस्तर मात्र हेच हं!"

आजींनी वळून आजोबांना आपादमस्तक न्याहाळले.

आजोबांनी सदऱ्याची बटणे गळ्यापर्यंत लावून घेतली.